इंजिन चालूच राहू दे

मुराळी मामा लेकीच्या सासरी पोचला की दारात गाडी उभी करायचा, पण इंजिन बंद करायचा नाही. गाडी धडधडत उभी, मागून काळा धूर, ओसरीच्या फळीवरची भांडी थरथरतायत, गोठ्यातली जनावरं दाव्याला हिसडे देतायत, आणि मामा खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडतोय, "आवर बाई, डिझेल जळायलंय!" घरातून कुणी म्हणे, या की, बसा, पाणी तरी घ्या. पाणी तो खिडकीतूनच घ्यायचा. तांब्या वरून तोंडात ओतायचा आणि परत द्यायचा. चहाला मात्र हात लावायचा नाही. "चहा लेक घरी पोचल्यावर," हे ठरलेलं उत्तर. त्या धडधडाटात सासूला गाऱ्हाणी सांगता यायची नाहीत, सासऱ्याला "पुढच्या आठवड्यात पाठवतो" म्हणता यायचं नाही. म्हटलं तरी ऐकू कुणाला जाणार? लेक पिशवी घेऊन बाहेर यायची, मागच्या सीटवर बसायची, आणि गाडी निघायची.

मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला सणाला माहेरी न्यायला येणारा माणूस. बहुधा भाऊच. ज्यांना भाऊ नाही, किंवा असून उपयोगाचा नाही, अशा आमच्या गावच्या सगळ्या लेकींचा मुराळी हाच. आमचं गाव चुडावा स्टेशनापासून पायी जाण्याएवढं. लेकी दिलेल्या पूर्ण्याला, गंगाखेडला, मानवतकडं, पार सेलूपर्यंत. पंचमी जवळ आली की मामाची पांढरी अँबॅसिडर जिल्हाभर हिंडायची. त्याचं नाव ग्यानबा, पण ते रेशनकार्डापुरतं. त्याच्याहून थोरल्या बायासुद्धा त्याला मामा म्हणायच्या आणि अरेतुरे करायच्या. अहोजाहो केलेलं त्याला खपायचं नाही. "मी काय जावाई हाय व्हय, आहो म्हनायला?"

त्याच्या या खोडीवर गाव हसायचं. कुणी म्हणे, गाडीचा सेल्फ गेलाय, बंद केली तर पुन्हा चालू व्हायची नाही, म्हणून हे नाटक. मामाला विचारलं तर दर वेळी नवीन कारण. खरं कारण मला मामीनं सांगितलं, आणि तेही मी बाई होऊन पोळल्यावर. मामाला गया नावाची पाठची बहीण होती. मामा तेव्हा मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याकडं ड्रायव्हर होता. मालकाची गाडी मागून घेऊन तो पंचमीला गयाला आणायला गेला. तिच्या सासरच्यांनी मोठ्या अगत्यानं ओसरीवर बसवलं, कपबशीतून चहा दिला. गया दाराआड पिशवी भरून उभी. सासरा म्हणाला, खुरपणी चालू आहे, उरकली की आम्हीच आणून सोडतो. चहा पोटात गेलेला, समोर चार माणसं गोड बोलणारी, मामा "बरं" म्हणाला. गयानं पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. दसऱ्याच्या आधी निरोप आला, विहिरीत सापडली.

"इंजिन बंद झालं की बोलनी सुरू हुत्यात," मामा म्हणायचा, "अन् बोलन्यात आपुन कवाच जिकलो न्हाई." आम्ही पोरीसोरी खिदळायचो. काय कळतंय त्या वयात!

पुढं मालकानं नवी गाडी घेतली आणि जुनी अँबॅसिडर मामाच्या गळ्यात मारली. मामाच्या घरी शेळ्या. मामी कपाळावर हात मारून म्हणाली, "बोकड इकून डिझेल भरायचं का आता?" पण तिनं भरलं. आणलेल्या लेकीकडून मामा कधी काही घ्यायचा नाही. उलट तिलाच एक मान द्यायचा. डॅशबोर्डच्या खाली एक काळी दांडी होती, तारेला लावलेली. ती ओढली की इंजिन गप्प व्हायचं. गाडी गावात वेशीपाशी आली की मामा मागं वळून त्या लेकीला पुढं बोलवायचा. "पोचली न्हवं? वढ आता." मग ती सासुरवाशीण दोन्ही हातांनी दांडी ओढायची, गाडी एक गचका देऊन थांबायची, आणि तेव्हा कुठं मामा खाली उतरून अंगावरची धूळ झटकायचा. बाया दांडी ओढताना रडायच्या. मला वाटायचं, दांडी फार जड असेल. मी लहानपणी चार बायांच्या मांडीवर बसून त्या गाडीतून हिंडले, पण एकदाही मला ओढू दिली नाही त्यानं. "तू कुठं गेलतीस, तवा पोचशील? तुजी पाळी यील बग."

आली ना! कशी येणार नाही? पण माझी पाळी आली तेव्हा गाडीच मेलेली होती. मी दहावीत असताना इंजिन जाम झालं. तोवर घरोघर मोटारसायकली आल्या होत्या, लेकी नवऱ्याच्या मागं बसून येऊ लागल्या, मुराळ्याला कोण विचारतं? अँबॅसिडर मामाच्या अंगणात लिंबाखाली उभी राहिली. मामीनं मागची सीट काढून तिथं शेळ्यांची करडं बांधली. बाभळीचा पाला बोनेटवर, कोंबडी स्टेअरिंगखाली खुडूक बसलेली. माझ्या लग्नात मी नवरी टेम्पोतून गेले. मामा टेम्पोमागं वेशीपर्यंत चालत आला आणि तिथंच दगडावर बसला. मला वाटलं, म्हातारा थकला.

मला मानवतच्या बाजूच्या एका गावात दिलं होतं. घर खाऊनपिऊन सुखी, असं जमवणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या सासऱ्यांची आडत, शेती, सालगडी, ट्रॅक्टर, दारात चकचकीत नवी गाडी. नवरा बापाच्या शब्दाबाहेर नाही. मला पहिली मुलगी झाली, शारदा. त्या बाळंतपणात काही तरी बिघडलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, हिला पुन्हा मूल होणार नाही. बस. त्या दिवसापासून मी त्या घरात जिवंत माणूस राहिले नाही. आधी जेवण शेवटी, मग शिळं, मग हात. फोन काढून घेतला. माझे वडील त्याच साली गेले, आणि माझी आई चुलत्यांच्या घरात त्यांच्या ताटाखालचं मांजर. ती एकदा आली, रडली, "नांद माय" म्हणाली आणि एसटीनं परत गेली. तिला दोष देऊन काय करू? तिच्या हातात होतंच काय!

मग घरात दुसरी बायको आणायच्या गोष्टी सुरू झाल्या, माझ्यासमोर, मी भाकरी थापत असताना. पंचमी झाली की बघायला जायचं ठरलं. मला म्हणाले, तुला जायचं तर जा, दार उघडं आहे. पोरगी मात्र इथं राहील. शारदावर कुणाचा जीव होता अशातला भाग नाही. तिला आजीनं एकदा मांडीवर घेतलेलं मला आठवत नाही. पण पोरगी त्यांच्या ताब्यात राहिली की मी पोलिसात जाणार नाही, तोंड उघडणार नाही, हे सासऱ्यांना बरोबर कळलं होतं. आडतीतला माणूस, अडवून ठेवायचा माल कुठला हे त्याला शिकवायला लागत नाही. मी दोनदा लेकराला घेऊन फाट्यापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा मला उचलून आणलं. दुसऱ्या वेळी शारदासमोर मारलं. त्यानंतर ती मोठ्यानं रडायची बंद झाली. त्याची मला जी भीती वाटली, ती मारापेक्षा वाईट होती.

आईनं हे मामीच्या कानावर घातलं, मामीनं मामाच्या. उन्हाळा सरत आला होता. मामा दुसऱ्या दिवशी एसटीनं आमच्या दारात. पासष्टी उलटलेला म्हातारा, पायात टायरची चप्पल, हातात मुरमुऱ्याची पुडी. पुडी शारदासाठी. सासरे ओसरीवर चार माणसांत बसले होते. मामा म्हणाला, "लेकीला अन् नातीला घिऊन जातो मालक, पंचमीपसतोर." सासरे हसले. "आमच्या घरची सून एसटीत बसत न्हाई. तुजी ती गाडी हाय ना, शेळ्याची? ती आन. ती घिऊन आलास पंचमीला, तर दोघीला बी ने, आमी अडवनार न्हाई." सगळी ओसरी हसली. मामा हसला नाही. त्यानं त्या चार माणसांकडं एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "तुमी आयकलं न्हवं?" एकानं हसता हसताच मान हलवली. "आयकलं, आयकलं." चहा आला होता. मामानं तो घेतला नाही. मी दाराआडून पाहत होते. तो वळून चालू लागला. ती गाडी मी पाहिलेली. तिच्यात करडं बांधलेली.

पुढचं मला मामीनं सांगितलं. घरी आल्याबरोबर त्यानं करडं सोडली, खराट्यानं लेंड्या लोटल्या आणि बोनेट उघडलं. आत उंदरांचं राज्य. वायरी कुरतडलेल्या, रेडिएटरमध्ये मातीचं पाणी, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडून खालची जमीन दिसायलेली. पूर्ण्याला मामाच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री होता, सगळे त्याला चाचा म्हणत. डोळ्याला कमी दिसायचं म्हणून त्यानं काम सोडलं होतं. मामा त्याला धरूनच घेऊन आला. चाचानं गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "ग्यानबा, ये गाडी नै रे, मय्यत है. दफन कर इसकू." मामा म्हणाला, "चाचा, एक डाव चालव. एकच डाव. मग तूच पूर."

चाचा दिसत नाही म्हणून हातानं चाचपून काम करायचा आणि मामा त्याचे डोळे व्हायचा. इंजिनात रॉकेल आणि तेल ओतून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी दोघं हँडलला लटकायचे. हलायचं नाही. पुन्हा ओतायचे. मामी म्हणायची, "आवं, भाड्यानं गाडी करा की एक, कशाला जीव काडता?" तर मामा खवळायचा. "त्यानं हीच गाडी आन म्हनलंय. चार मानसांत म्हनलंय. दुसरी नेली तर त्यो शब्दातून सुटला. मला त्याला सुटू द्यायचं न्हाई." मामीला ते वेड वाटलं. मलाही नंतर ऐकताना वाटलं. पण आमच्याकडं कागदापेक्षा चार माणसांतला शब्द चिवट असतो, आणि सासऱ्यांची सगळी आडत त्या शब्दावर चालायची. तो मोडला तर बाजारात त्यांची पत गेली असती. मामानं बरोबर त्यांच्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं, आणि तिथवर पोचायला त्याच्याकडं एक मेलेली गाडी होती.

इंजिन हललं त्या दिवशी मामीनं चाचाला शिरा केला. पण हलणं वेगळं आणि चालणं वेगळं. नांदेडच्या भंगारबाजारातून पंप आणला, तो गळका निघाला. परत गेले, दुसरा आणला. ब्रेक दाबला की पाय जमिनीपर्यंत जायचा. टायरला भेगा, त्यांत बोट जायचं. मामीनं आधी दोन शेळ्या विकल्या, मग तिची आवडती काळी पाट. कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, लांडग्यानं नेली. मामा पावसात गाडीखाली पाठीवर पडून असायचा. तोंडात चिखल, दाढी वाढलेली. गावातली पोरं चिडवायची, "मामा, लगीन कुनाचं हाय?" पूर्वी त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या. आता तो त्यांच्याकडूनच पाना मागून घ्यायचा. एकदा मामी भाकर घेऊन गेली तर तो गाडीखाली हुंदके देत होता. "पंचमी आली गं, अन् ही मुकीच हाय. गयी दाराआड उभी हाय गं." मामी म्हणाली, गया नव्हे, सुमन. म्हणजे मी. तो म्हणाला, "मला दोगी बी एकच दिसायल्या."

इकडं मी दिवस ढकलत होते. मामा काय करतोय हे मला कुणी सांगणारं नव्हतं. श्रावण लागला, शेजारच्या सुना माहेरी जाऊ लागल्या. त्यांच्या हातात नव्या बांगड्या बघितल्या की मी आत जायचे. सासऱ्यांनी पंचमीची वाट न बघता दुसरी मुलगी ठरवलीच होती, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी साखरपुडा. माझी पेटी त्यांनी आधीच ओसरीवर आणून ठेवली होती. शारदाचे कपडे मात्र त्यातून काढून घेतले होते. मी खोटं का बोलू? मीसुद्धा विहिरीकडं दोनदा बघितलं. शारदाला कडेवर घेऊन बघितलं. देवाची करणी म्हणा की काय, दोन्ही वेळा तिनं माझी मान घट्ट धरली आणि मी मागं फिरले.

पंचमीच्या आदल्या दिवशी गाडी चालू झाली. गावातल्या पोरांनी ढकलली तेव्हा झाली, कारण सेल्फ काही केल्या फिरेना. जळून कोळसा झालेला. चाचा म्हणाला, तो आता होणार नाही, वेळ नाही. "धक्के पे जा, धक्के पे आ. बीच में बंद नको करना. बंद हुई तो खतम." म्हणजे जी गोष्ट मामा जन्मभर हट्टानं करत आला, ती आता नाइलाजानं करायची होती. पंचमीला उजाडताच साऱ्या गावानं गाडी ढकलली. मामी मागं, पुन्हा बसवलेल्या सीटवर बसली. कागदपत्रांचं विचारलं तर मामा म्हणाला, "उंदरानं खाल्ले. पोलिसानं धरलं तर सांगन, मुराळी हाय मनून." पूर्णा ओलांडली तोच रेडिएटर उकळला. मामानं इंजिन चालू ठेवूनच त्यात पाणी ओतलं आणि वाफेनं हात भाजून घेतला. परभणीत शिरताना गाडी दोनदा बंद पडतेसं झालं. मामा रस्ताभर ॲक्सिलेटरवरचा पाय उचलत नव्हता आणि मोठ्यानं बोलत होता. मामीशी नव्हे, गाडीशी. "चल गं माय. एवढ्या येळी. पुन्हा न्हाई म्हननार तुला."

मी अंगणात सारवत होते. आधी आवाज आला. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. हातातला शेणाचा गोळा तसाच राहिला. गल्लीच्या तोंडाशी धूर दिसला, मग पांढरं बोनेट. पांढरं कसलं, अर्धं गंजलेलं, एक दिवा फुटका. गाडी ओसरीसमोर येऊन उभी राहिली आणि भांडी थरथरायला लागली. मामा खिडकीतून बाहेर आला. भाजलेल्या हाताला मामीच्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. ओरडला, पण आवाज फाटलेला होता. "आवर बाई! डिझेल जळायलंय!"

अहो, मी पेटीसुद्धा उचलली नाही. आत पळाले, शारदा झोपली होती, तिला तशीच खांद्यावर टाकली आणि बाहेर आले. सासरे ओसरीच्या पायरीवर उभे. गल्ली जमली होती, त्यात त्या दिवशीच्या चार माणसांतली दोघं. सासऱ्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते हसले. हळूहळू खाली उतरले, गाडीपाशी आले आणि गोड आवाजात म्हणाले, "आलास! शाब्बास. सनाचा दिवस हाय, उतर, चहा घे. सून कुठं पळून चालली का?" मामा म्हणाला, "चहा लेक घरी पोचल्यावर." "आसं कसं!" म्हणत सासऱ्यांनी खिडकीतून हात घातला, चावी फिरवली, उपटून काढली आणि कोटाच्या खिशात टाकली.

संपलं, असं वाटलं. इंजिन बंद झालं की बोलणी सुरू. शारदा खांद्यावर जागी झाली होती.

आणि गाडी धडधडतच राहिली.

सासरे खिशावर हात ठेवून उभे, आणि गाडी धडधडतेय. त्यांनी वाकून आत पाहिलं. गाडी धडधडतेय. जुन्या डिझेलच्या इंजिनाला चावीचं काही देणंघेणं नसतं, ते दांडी ओढल्याशिवाय थांबत नाही, हे भीतीत मीसुद्धा विसरले होते. सासऱ्यांची नवी गाडी चावी फिरवली की गप्प व्हायची. ट्रॅक्टर त्यांच्या घरी होता, त्यालाही तसलीच दांडी, पण त्यावर ते जन्मात बसले नव्हते. रोज बसायचा तो सालगडी, आणि तो तिथंच उभा होता, गाडीपासून दोन हातांवर. ती काळी दांडी कशाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सासऱ्यांनी त्याच्याकडं वळून विचारलं, "हे बंद कामून हुईना रे?" त्यानं मान खाली घातली. "काय की मालक. मला न्हाई बा ठाव." त्या गल्लीत कुणी तरी फस्सकन हसलं, मग दुसरं. ओसरीवरचा तो शब्द ऐकलेला माणूस म्हणाला, "जाऊ द्या आता मालक. आपुनच म्हनलं व्हतं." मामीनं मागचं दार उघडलं. मी बसले. त्या माउलीनं मला आत ओढलं आणि दार लावून घट्ट धरून बसली, कारण दाराला कडी नव्हती.

गावात पोचलो तेव्हा चुलत्यांनी दार उघडलं नाही. आई आतून रडत होती, तेवढं ऐकू आलं. मामानं गाडी तशीच फिरवून आपल्या लिंबाखाली नेली, मागं वळला आणि मला पुढं बोलवलं. "पोचली न्हवं? वढ आता." मी ओढली. फार जड नसते हो ती दांडी, बोटानंसुद्धा ओढता येते. मग मामी उतरली आणि चहाचं आधण ठेवलं. मामा चार कप चहा प्यायला.

मी त्याच घरात राहिले. कोर्टकचेरी झाली, ती इथं सांगत बसत नाही. ती चावी अजून त्यांच्याच कोटात असेल. मामानं गाडीला चावीच्या जागी एक खटका बसवला आणि पहिलं काम केलं ते म्हणजे मला स्टेअरिंगवर बसवलं. मी म्हटलं, मामा, मला नाही जमायचं. तो म्हणाला, "मुराळ्याची वाट बगत दाराआड उबं ऱ्हायचं जमलं, अन् हे जमना व्हय?" मी मामीच्या उकिरड्यात गाडी घातली, लिंबाला धडकवली, एकदा चाचाच्या पायावरून जाता जाता राहिली. पण शिकले. सेल्फही पुढं बसला. आता मी आमच्या भागातल्या पोरींना पूर्ण्याच्या शाळेत नेते आणते, दुसऱ्या गाडीनं. अँबॅसिडर फक्त पंचमीला, लेकी आणायला. मामा शेजारी बसायचा आणि खिडकीतून ओरडायचं काम त्याच्याकडं.

गेल्या दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, मामा दुपारी अंगणात बसल्या जागी छाती धरून कलंडला. मामी ओरडली. अँब्युलन्सला फोन लावला तर ती दुसरीकडं गेलेली. मी अँबॅसिडरच काढली. मागं मामीच्या मांडीवर त्याचं डोकं. चालवताना मी त्याच्यासारखीच बडबडत होते, चल गं माय, एवढ्या वेळी. परभणीच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकात गाडी घातली, पोरं स्ट्रेचर घेऊन धावली. त्याला उतरवताना त्यानं डोळे उघडले. माझं मनगट धरलं. "सुमे, इंजिन बंद करू नगंस. मला न्यायचंय हितून."

मी केलं नाही. मामी त्याच्याबरोबर आत गेली आणि मी दवाखान्याच्या दारात गाडी धडधडत ठेवून बसले. वॉचमन आला, धूर होतोय म्हणाला. मी म्हटलं, होऊ दे. गाडी काढा म्हणाला. मी म्हटलं, माणूस घेऊन जाणार, त्याशिवाय हलणार नाही. तो हुज्जत घालू लागला, तर माझ्या तोंडून काय काय निघालं मलाच माहीत नाही. नातेवाइकांच्या रांगेतल्या बाया बघत होत्या. मी ॲक्सिलेटरवर पाय ठेवून होते आणि मनात एकच, बंद झाली की बोलणी सुरू होतात. कुणाशी बोलणी, ते मला नीट कळत होतं. बोलू द्यायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

बऱ्याच वेळानं मामी बाहेर आली. एकटी. हातात त्याच्या टायरच्या चपला. ती रडत नव्हती. चालत आली, पुढचं दार उघडलं, माझ्याशेजारी त्याच्या जागेवर बसली, आणि चपला मांडीवर ठेवल्या. मी तिच्याकडं बघेना. इंजिनाचा आवाज मोठा केला. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो पाय हळूच मागं घेतला.

"पोचले गं ते," मामी म्हणाली. "वढ आता."